सह्याद्री दिल्लीत पोहोचला, पुढे काय झालं?

कराड

प्रिय मैत्रिणीस,



परवा तुझा फोन झाला तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय. फोनवर पाच मिनिटांत आटपण्यासारखा तो नाही, म्हणून सरळ कागद घेऊन बसले. तुझ्या नातीला मेलबर्नच्या शाळेत युद्धकाळातल्या एका मंत्र्यावर लिहायला सांगितलंय, वर्गातली बरीच मुलं चर्चिलच्या मागे लागलीत, आणि तू विचारलंस, “आपले यशवंतराव चव्हाणसाहेब चालतील का गं? पण ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ यापलीकडे मला काही सांगता येत नाही.”

अगं, चालतील का म्हणून काय विचारतेस! जरूर घ्यायला सांग. आणि तुझं काही चुकलेलं नाही. इथे कराडातसुद्धा कुणालाही विचार, मंगल कलश सांगतील, साखर कारखाने सांगतील, जिल्हा परिषदा सांगतील, कोयना सांगतील. संरक्षणमंत्री म्हटलं की ते एक वाक्य म्हणतात आणि थांबतात. सह्याद्री धावला हे खरं, पण धावत जाऊन त्यानं तिथे केलं काय? त्या चार वर्षांत केलेलं काम हेच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम, असं माझं मत आहे. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण त्या चार वर्षांवर पाठ्यपुस्तकात दोन ओळींच्या वर कधी मजकूर आला नाही. म्हणून तुला सविस्तर लिहिते. नातीला यातलं किती पेलेल ते तू बघ.

बालपणाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला ठाऊक आहे. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्र्याला, आजोळी जन्म. वडील प्लेगात गेले तेव्हा पोर अगदी लहान. आई विठाईंनी हालअपेष्टा सोसून मुलांना वाढवलं, शिकवलं. आपल्या टिळक हायस्कुलात असतानाच, १९३२ साली, त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मग कोल्हापूरला बी. ए., पुण्याला वकिली. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये नवरदेव भूमिगत. सरकारनं पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं आणि इकडे वेणूताईंनाही पोलीस घेऊन गेले. हे नातीला मुद्दाम सांग. वीस वर्षांनंतर देशाच्या फौजेचा कारभार ज्याच्या हाती आला, तो माणूस कधी बंदूक खांद्यावर घेऊन कवायत केलेला नव्हता. सरकारी यंत्रणा त्यानं पहिल्यांदा पाहिली ती तिच्यापासून लपताना.

१९४६ ला आमदार, मग संसदीय सचिव, १९५२ ला मंत्री, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. ते दिवस त्यांना फार जड गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अर्धा महाराष्ट्र त्यांना सूर्याजी पिसाळ म्हणत होता. माझे वडील संयुक्त महाराष्ट्र समितीचे कट्टर कार्यकर्ते. आमच्या घरात चव्हाणांचं नाव निघालं की जेवणाच्या ताटावर वाद व्हायचा. १ मे १९६० ला राज्य झालं आणि हळूहळू राग निवळला. पण जे १९५७ मध्ये नेहरूंविरुद्धच्या प्रतापगडच्या निदर्शनांत रस्त्यावर उभे होते, त्यांना हा माणूस दिल्लीचा वाटायचा, आणि दिल्लीला तो मराठ्यांचा वाटायचा.

आता मुद्द्यावर येते.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाख अशा दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी हल्ला केला. नामका चू नावाच्या ओढ्याच्या काठी आपली एक ब्रिगेड उभी होती. जवानांच्या अंगात उन्हाळी सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, काडतुसं मोजून दिलेली. त्या उंचीवरची थंडी काय असते याची तू कल्पना कर. ही ब्रिगेड बघता बघता उद्ध्वस्त झाली, तिचे ब्रिगेडियर दळवी कैद झाले. नोव्हेंबरात सेला पडलं, बोमडिला पडलं. तेजपूर रिकामं होऊ लागलं. लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि त्यांची तुकडी शेवटच्या माणसापर्यंत लढली. जवान कमी पडले असं कुणी म्हणू शकणार नाही. कमी पडली ती वरची मंडळी.

लोकांचा सगळा रोष संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर होता. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेनन उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते, समोर आचार्य कृपलानी. देशभर गाजलेली निवडणूक. मुख्यमंत्री म्हणून चव्हाणसाहेबांनी आणि त्यांच्या काँग्रेसनं मेनन यांच्यासाठी जिवाचं रान केलं आणि त्यांना निवडून आणलं. नऊ महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या खुर्चीवर नेहरूंनी बोलावलं ते चव्हाणसाहेबांनाच.

तो फोनचा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. नेहरूंनी फोनवर सांगितलं, तुम्हाला दिल्लीला यावं लागेल, आणि हे कुणाजवळ बोलू नका. चव्हाणसाहेबांनी एकाच व्यक्तीशी बोलण्याची मुभा मागून घेतली, ती म्हणजे वेणूताई. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. अडीच वर्षांपूर्वी जन्माला आलेलं राज्य, पंचायत राज्याची घडी नुकतीच बसत होती, सहकारी कारखाने उभे राहत होते. इथे राहिले असते तर दहा-पंधरा वर्षं त्यांना कुणी हलवलं नसतं. तिकडे जाणं म्हणजे हरलेल्या लढाईचा वारसा घेणं. दिल्लीत स्वतःचा गट नाही, सैन्याशी ओळख नाही. तरी ते हो म्हणाले.

ते दिल्लीत पोहोचले आणि २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे मंत्री युद्धासाठी गेले आणि युद्ध थांबलं. काही लोक आजही हसून म्हणतात, त्यांना करायला उरलं काय होतं? माझा या बोलण्याला सक्त विरोध आहे. उरलं होतं ते सगळ्यात कठीण काम. लष्करप्रमुख जनरल थापर पायउतार झाले होते. जनरल कौल यांच्या नेमणुकीवरून सेनाधिकाऱ्यांत दोन तट पडलेले. मंत्री आपल्याशी कसा वागेल याची सेनापतींना धास्ती, सेनापती खरं सांगतील का याची मंत्र्यांना शंका. देश हरला म्हणून रडत होता, आणि ज्यांनी त्याला उभं करायचं ती माणसं एकमेकांच्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हती.

भरीला भर म्हणजे खातं अख्खं त्यांच्या हाती नव्हतं. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे आर्थिक व संरक्षण समन्वयाचं वेगळं मंत्रिपद होतं. दिल्लीत मुरलेले लोक म्हणायचे, हा मुंबईचा माणूस सहा महिन्यांत परत जाईल. त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही. शांतपणे काम सुरू केलं.

ते कसं, हे सांगते. रोज सकाळी ते तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांना एकत्र बसवू लागले. ऐकायला साधी गोष्ट आहे ना? पण मंत्र्यासमोर तिघांनीही एकाच वेळी, एकमेकांच्या देखत बोलायचं, म्हणजे कुणी कुणाच्या पाठीमागे चुगली करायची सोय उरत नाही. कुणाला कमी पडलंय, कुठे अडलंय, ते तिथल्या तिथे कळतं. जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करप्रमुख झाले. ज्या सॅम माणेकशॉ यांच्यामागे आधीच्या काळात चौकशीचं शुक्लकाष्ठ लावलं होतं, त्यांच्याकडे नेफातल्या खचलेल्या कोअरची सूत्रं गेली. चव्हाणसाहेब स्वतः आघाडीवरच्या ठाण्यांना जाऊन आले, जवानांशी बोलले. बोलायला मराठीच लागते असं थोडंच आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला शेतकऱ्याच्या घरातला जवान कळतो. तुला आपलं अपशिंगे आठवतं का, साताऱ्याजवळचं, ज्याच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे? पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ जवान गमावले. अशा जिल्ह्यातला माणूस जवानाकडे फाईल म्हणून बघणार नाही. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात निघाली, तेव्हाही मुख्यमंत्री हेच होते.

मग आला चौकशीचा प्रश्न. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांना पराभवाची तपासणी करायला सांगितली होती. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, भीड न बाळगणारे अधिकारी. १९६३ मध्ये अहवाल आला. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणसाहेबांनी लोकसभेत निवेदन केलं. अहवाल टेबलावर ठेवला नाही, पण त्याचं सार मांडलं: डोंगरी मुलखातल्या लढाईचं प्रशिक्षण अपुरं होतं, त्या भूभागाला लागणारी सामग्री नव्हती, आणि वरिष्ठ पातळीवरून खालच्या सेनाधिकाऱ्यांच्या कामात, अगदी डावपेचांतसुद्धा, ढवळाढवळ झाली. शेवटचा मुद्दा नीट वाच. मला वाटतं, हा धडा सभागृहाला सांगण्याआधी त्यांनी स्वतः गिरवला होता. दोन वर्षांनी त्याची परीक्षा झाली. ती पुढे सांगते.

मधल्या काळात त्यांनी सैन्य नव्यानं बांधायला घेतलं. १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखली: ८,२५,००० चं खडं लष्कर, त्यात १० पहाडी डिव्हिजन, हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या जागी ईशापूरची नवी रायफल. तरुणांना तातडीचं कमिशन देऊन अधिकारी भरती. कॉलेजात एन. सी. सी. सक्तीची झाली ती याच काळात. पैसा लागणार होता आणि शस्त्रंही. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. बोलणी चालू असतानाच २७ मे ला नेहरू गेले आणि त्यांना दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. ज्या माणसानं फोन करून बोलावलं, ज्याच्यासाठी महाराष्ट्राचे बोल खाल्ले, तो गेला तेव्हा हे सातासमुद्रापार. अमेरिकेनं त्यांना हवी होती ती एफ-१०४ विमानं दिली नाहीत. त्यांनी मॉस्को गाठलं. मिग-२१ चा करार मेनन यांच्या काळातच झाला होता. ही विमानं इथेच बनवण्याच्या कामाला आता गती आली आणि नाशिकजवळ ओझर, ओरिसात कोरापुट, आणि हैदराबाद इथे कारखाने उभे राहिले. ब्रिटनशी झालेल्या करारातून माझगाव गोदीत लिअँडर जातीच्या युद्धनौका बांधायचं ठरलं. त्यातली पहिली ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली.

नाशिकवरून आठवलं. दिल्लीत गेले तेव्हा ते खासदार नव्हते. १९६३ मध्ये नाशिक लोकसभेची पोटनिवडणूक आली आणि ते बिनविरोध निवडून आले. ज्या विरोधकांनी पाच वर्षांपूर्वी त्यांना गावात येऊ दिलं नसतं, त्यांनी उमेदवार उभा केला नाही. माझे वडील त्या दिवशी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलले. आईनं तर आधीच हातातली पाटली संरक्षण निधीला देऊन टाकली होती.

आणि आता १९६५.

एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं काश्मीरमध्ये हजारो घुसखोर घातले. आपण २८ ऑगस्टला हाजीपीर खिंड घेतली. १ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्ताननं छांब भागात रणगाडे आणि तोफखाना घालून मोठा हल्ला केला. रोख अखनूरच्या पुलावर होता. तो पूल गेला असता तर काश्मीरकडे जाणारी वाट तुटली असती.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास संरक्षण मंत्रालयातल्या त्यांच्या खोलीत काय घडलं, ते आपल्याला बऱ्यापैकी तपशिलात ठाऊक आहे, कारण तिथल्या लोकांनी ते लिहून ठेवलंय. जनरल चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग आत आले. छांबमध्ये आपली फळी मोडत होती. विमानांची मदत हवी होती, आणि दिवस मावळायला फार वेळ नव्हता. ही साधी मागणी नव्हती. १९६२ च्या लढाईत आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. आपल्या शहरांवर बॉम्ब पडतील या भीतीपोटी तो निर्णय घेतला गेला नाही. विमान उडालं की लढाई सीमेवरची चकमक राहत नाही, ती दोन देशांतलं उघड युद्ध होते. असा निर्णय घ्यायचा तर पंतप्रधानांना विचारायचं, मंत्रिमंडळाची समिती बोलवायची, परराष्ट्र खात्याचं मत घ्यायचं. त्यात संध्याकाळ झाली असती, आणि संध्याकाळी विमानं उडून काय उपयोग?

चव्हाणसाहेबांनी ऐकून घेतलं, अर्जनसिंगांना किती वेळ लागेल ते विचारलं, आणि परवानगी दिली. वाट बघितली नाही. जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. पंतप्रधान शास्त्रीजींना नंतर कळवलं आणि ते ठामपणे पाठीशी राहिले. सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटवरून विमानं उडाली.

पुढचं मी लपवणार नाही. पहिल्या तुकडीत व्हॅम्पायर होती, जुनाट, मंद विमानं. समोर पाकिस्तानची सेबर विमानं. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली. त्यांतले वैमानिक आपल्याच पोरांच्या वयाचे होते. छांबचा हल्ला मात्र मंदावला, अखनूर वाचलं. त्या रात्री त्या मंत्र्याच्या मनात काय चाललं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. परवानगी देणाऱ्यालाच हिशेब द्यावा लागतो, आणि तो त्यांनी दुसऱ्या कुणावर ढकलला नाही.

नंतर ६ सप्टेंबरला आपल्या फौजांनी पंजाबची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली आणि लाहोर आघाडी उघडली. तो निर्णय शास्त्रीजींचा आणि सगळ्यांचा मिळून होता. खेमकरण भागात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचं स्मशान झालं. अब्दुल हमीद तिथे जीपवरच्या तोफेनं लढता लढता पडला. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे कर्नल तारापोर जखमी असूनही मागे गेले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला रणगाड्यातच गेले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. या तीन आठवड्यांत मंत्र्यानं कुठल्या ब्रिगेडनं कुठे जावं हे सांगितलं नाही. काय साधायचंय ते सांगितलं, लागेल ते दिलं आणि लढण्याचं काम लढणाऱ्यांवर सोडलं. अहवालातला तो धडा मी म्हणत होते, तो हाच.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. जानेवारीत ताश्कंदला शिष्टमंडळात तेही होते. १० जानेवारीला करार झाला, हाजीपीर परत करायचं ठरलं, आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. दोन वर्षांत दोन पंतप्रधान गेले आणि संरक्षणमंत्री तोच राहिला. सैन्याला तेव्हा या स्थैर्याची केवढी गरज होती!

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि संरक्षण खातं सुटलं. गृहखात्यात त्यांनी संस्थानिकांच्या तनख्यांचा विषय धसास लावायला घेतला, तो पुढे १९७१ मध्ये तडीस गेला. मी त्यावर रेंगाळत नाही. पण युद्धाशी त्यांची पुन्हा गाठ पडली, हे नातीला सांगायला विसरू नकोस. १९७१ मध्ये ते अर्थमंत्री होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, त्यांना जगवायचं, शिवाय युद्धाची तयारी करायची, आणि पैसे उभे करायचे ते यांनी. तुला ती पाच पैशांची जादा तिकिटं आठवतात? नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर लावावी लागायची. आधी जुन्याच तिकिटांवर ‘रेफ्युजी रिलीफ’ असा ठसा मारून आली, मग निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. माझ्या अल्बममध्ये दोन्ही आहेत. त्यातलं एक तुझ्या पत्रावरचं आहे, तू लग्न होऊन नागपूरला गेलीस तेव्हाचं. संरक्षणमंत्री तेव्हा जगजीवनराम होते आणि विजयाचं श्रेय त्यांना, पंतप्रधान इंदिराबाईंना, माणेकशॉ यांना मिळालं, ते योग्यच आहे. पण डिसेंबरात ढाक्यापर्यंत गेलेली फौज १९६२ नंतरच्या चार वर्षांत घडली होती. नऊ वर्षांपूर्वी सुती कपड्यांत मरायला पाठवलेलं सैन्य ते हेच.

आता कटू भागही लिहिते, कारण पोरीनं एकांगी निबंध लिहावा असं मला वाटत नाही. युद्धाच्या दुपारी काही मिनिटांत निर्णय घेणारा हा माणूस पक्षाच्या राजकारणात मात्र फार अडखळला. १९६९ मध्ये बंगळुरात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिराबाईंकडे राहिले. कुंपणावरचे म्हणून त्यांची संभावना झाली. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते आणि गप्प राहिले. १९७५ चं आपल्या कराडचं साहित्य संमेलन आठव. ते स्वागताध्यक्ष, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. दुर्गाबाईंनी निर्भयपणे आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. त्या मांडवात मला आपल्या गावच्या या मोठ्या माणसाबद्दल अभिमान वाटायला हवा होता, तो दुर्गाबाईंबद्दल वाटला. ते दुःख अजून गेलेलं नाही. नंतर विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये काही महिने उपपंतप्रधान झाले, मग पुन्हा इंदिराबाईंच्या पक्षात आले, आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते मनानं खचले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले.

मला वाटतं, यात एक संगती आहे. देशाचा प्रश्न समोर असला की त्यांना वाट स्वच्छ दिसायची. स्वतःच्या खुर्चीचा, स्वतःच्या नेतृत्वाचा प्रश्न आला की ते फार तोलत बसायचे, सगळ्यांना सांभाळून घ्यायला बघायचे. सगळ्यांना सांभाळण्याचा हाच स्वभाव संरक्षण खात्यात वरदान ठरला. तिथे रुसलेले सेनापती, संशयी सचिव, तीन दलांच्या तीन तऱ्हा यांना एका टेबलावर आणणारा माणूसच हवा होता. पक्षात मात्र एकदा तरी ठामपणे ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

पुस्तकांचं विचारलं होतंस. ‘कृष्णाकाठ’ तुझ्याकडे आहेच, पण त्यात युद्ध सापडणार नाही. ते आत्मचरित्र १९४६ पाशी थांबतं. पुढचे खंड लिहायचे होते, ते राहून गेले. इतकं सुंदर मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या हातून आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामगिरीची हकिकत मराठीत उतरलीच नाही, याची मला फार हळहळ वाटते. १९६५ च्या युद्धात त्यांनी रोजनिशी ठेवली होती. त्यांचे सचिव राम प्रधान यांनी ती संपादित करून २००७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. १९६२ ते ६५ या काळावर प्रधानांचं आणखी एक पुस्तक आहे. दोन्ही इंग्रजीत असल्यामुळे तुझ्या नातीला ती सहज वाचता येतील. इकडच्या पोरांसाठी ती मराठीत घरोघरी पोहोचायला हवीत. आपल्या साखर कारखान्यांनी, शिक्षणसंस्थांनी साहेबांच्या नावानं कमानी उभारल्या, पुतळे उभारले. त्यांतल्या एखाद्यानं तरी हे काम अंगावर घ्यावं. पुढच्या बैठकीत मी आमच्या वाचनालयात हा विषय काढणार आहे आणि लेखी अर्जही देणार आहे.

आणि पोरीला शेवटी एक प्रश्न लिहायला सांग. हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध करायचा नाही, हा निर्णय चव्हाणसाहेबांचा. तेव्हा सैन्य नुकतं सावरत होतं, चीन सीमेवर होता, म्हणून तो मला पटतो. त्यानंतर साठ वर्षं उलटली. कितीतरी संरक्षणमंत्री आले आणि गेले, सगळ्या पक्षांची सरकारं झाली, पण तो अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं बाहेर आणला, तेवढाच. नामका चूच्या काठी मेलेल्या जवानांच्या घरच्यांना तो पूर्ण वाचायचा हक्क आहे. तो खुला झाला पाहिजे.

घरी सगळ्यांना नमस्कार, नातीला आशीर्वाद. तिचा निबंध झाला की मला नक्की पाठव.

तुझीच,
कराडची मैत्रीण